साहेबांचा गुलाबी शर्ट

प्रिय छकुली,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. सुट्टीवर आहे, एवढंच. हो, तुझी आई! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. दर गुरुवारी अख्खा दिवस, आणि रोज संध्याकाळी सातनंतर काम बंद. घरकाम करणाऱ्यांसाठी कायदाच झालाय तसा.

आमचे वकीलसाहेब जन्मभर कामगारांच्या आठ तासांसाठी कोर्टात भांडले. त्यांची भाषणं मी पहाटे पाचला चहा टाकताना ऐकायची आणि रात्री भांडी घासतानाही ऐकायची. त्यांच्या काही लक्षात यायचं नाही. मागच्या महिन्यात त्यांनीच या कायद्याचं पत्रक लिहिलं आणि आजूबाजूच्या कामवाल्या बायकांना वाटायला माझ्याकडे दिलं. पहिलं मी वाचलं, दुसरं वहिनींच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, अगं, तू तर घरचीच! म्हटलं, घरची माणसं सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत लोळतात. पेपराआड साहेबांना असा ठसका लागला की पाठ चोळायलाही मीच धावले.

पहिल्या गुरुवारी सवयीने पाचला उठून सगळ्यांचा चहा केला आणि मग आठवलं. जीभ चावली, दोन कप चहा एकटीने प्यायले आणि खोलीचं दार लावून बसले. थोड्या वेळाने वहिनींची टकटक सुरू. उठू नकोस हो, फक्त साखर कुठे ते सांग. मग गाळणी. मग साहेबांचे मोजे. दुपारी साहेबांनी स्वतः मशीन लावलं आणि वहिनींची लाल ओढणी पांढऱ्या शर्टांबरोबर धुतली. शुक्रवारी साहेब गुलाबी शर्टात कोर्टात गेले. मी पोट धरधरून हसले.

हसता हसता रडूही आलं. तू मावशीकडे वाढलीस. मी दोन महिन्यांतून एकदा यायचे, तेही घड्याळाकडे बघत. आल्यावर तू मला खुर्ची द्यायचीस, पाणी आणून द्यायचीस, आणि पाहुण्यांसमोर बसतात तशी गप्प बसायचीस. ते मला अजून लागतं.

आता पत्राचं खरं कारण. परवा फोनवर तू तुझ्याकडच्या बाईबद्दल कुरकुरत होतीस. सुट्टी मागते म्हणे. सुट्टी घेऊन ही करणार तरी काय, असं विचारलंस. मी फोन ठेवून दिला, कारण तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं. तिची चार वर्षांची मुलगी आजीकडे असते. मागच्या वेळी आले तेव्हा मी विचारलं होतं तिला. तू विचारलंस का कधी? तिला गुरुवार दे, आणि पगार कापू नकोस. तुझं ऑफिस असतं, ठाऊक आहे. बाळाला मी बघते, दर गुरुवारी येते. नातवाशी खेळणं म्हणजे काही काम नव्हे. भांडी मात्र संध्याकाळी तू येऊन घास. मी सुट्टीवर असेन.

दर गुरुवारी पूर्ण दिवस तुझीच,
आई