डाव्या दिव्याची गाठ

पनवेल,
ता. ४ फेब्रुवारी २०२६

चि. कल्पेश यास आजोबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू घाईत बोलतोस, म्हणून लिहितो. तुझी आई ललिता सांगत होती की अठरा तारखेला पुण्यात तुझी वैमानिकाची डोळेतपासणी आहे आणि तू चष्मा लावून जाणार आहेस. अरे, डोकं ठिकाणावर आहे का? चष्मेवाल्याच्या हाती विमान कोण देईल? दहावीपासून ओरडतोय, तो मोबाईल खाली ठेव. ऐकलं कोणी?

चष्मा खोलीवरच ठेवून जा. जगन चष्मेवाल्याच्या भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरं तुझ्या मामेबहिणीकडून, पूर्वीकडून, उतरवून घेतली आहेत. सोबत पाठवतो, पाठ कर. गाजरं खा. डोक्यावरून विमान गेलं की ती सात वर्षांची पोर दादा दादा म्हणून हात हलवते. तिला काय तोंड दाखवशील?

काळजीने लिहितो, राग धरू नये.

तुझा आजोबा,
भगवान

पुणे,
ता. २० फेब्रुवारी २०२६

ती. आजोबांस शि. सा. नमस्कार.

तक्ता मिळाला. आजोबा, मी पाठ केला असता तर फजिती झाली असती, इथला तक्ता वेगळाच होता. आणि चष्मा चालतो! चष्मा लावून खालची ओळ नीट वाचता आली पाहिजे आणि दुसरा चष्मा जवळ पाहिजे, एवढंच. वाचली मी. गाजरं मात्र आता बघवत नाहीत.

अडलो भलत्याच ठिकाणी. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. पहिलं पान वाचलं, पुढच्या बहुतेक पानांवर मला नुसते ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, लाल-हिरव्यात माझा गोंधळ होतो. दहा मार्चला छोट्या रंगीत दिव्यांची परीक्षा आहे, त्यात नापास झालो तर वैमानिक होणं संपलं. मी घाबरलो होतो, म्हणून असं झालं असेल का? आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

लोभ माझ्या चष्म्याच्या नंबरासारखा वाढत जावो.

आपला नातू,
कल्पेश

पनवेल,
ता. २६ फेब्रुवारी २०२६

चि. कल्पेशला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. तसाच पूर्वीला घेऊन जगनकडे गेलो आणि ते ठिपक्यांचं पुस्तक मागितलं. पानं उलटली. पहिलं पान सोडलं तर आकडे कसले नि काय! छपाईच चुकलेली. मी जगनला भर दुकानात झापलं, असल्या रद्दीवर पोरांची नशिबं ठरवता का म्हणून. त्याने पुस्तक पूर्वीपुढे धरलं. पोरीने आठ, एकोणतीस, पाच, चौऱ्याहत्तर असं धडाधड वाचलं. मला वाटलं, जगनने पढवलंय. मग मी मधलीच पानं काढली. तीही वाचली.

जगन म्हणाला, हे लाल-हिरव्याचं आजोबाकडून लेकीत येतं आणि लेकीकडून नातवात. लेकीला स्वतःला सगळं नीट दिसतं.

उरणला मासेमारी शिकलो ती माझ्या मामांच्या होडीवर. संध्याकाळी दोन सुटे दिवे दोन बाजूंना टांगायचे, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. डाव्या दिव्याच्या कडीला मामा चिंधीची गाठ बांधत. मला ती दर्यादेवाची रीत वाटली. मीही चाळीस वर्षं बांधली, कधी चुकवली नाही. परवा जगनच्या बाकावर बसून कळलं की मामांना चिंधीशिवाय दिवा ओळखू येत नव्हता. आणि मलाही.

एकदा धुक्यात समोर दिवा दिसला. तो लाल की हिरवा, म्हणजे ती होडी डावीकडे चाललीय की उजवीकडे, मला उमगेना. माझा भाऊ रमेश ओरडला म्हणून वाचलो. आम्ही दोघेच होतो. तुझ्या मागे दीडशे माणसं बसतील. म्हणून आता उलटं सांगतो. पाठ करू नकोस, कोणाला विचारू नकोस, दिसेल तेच सांग. त्या दिव्यांना गाठ नसेल.

तुला दुसरं काही द्यायला हवं होतं रे. जमलं तर माया कमी करू नकोस.

तुझा आजोबा,
भगवान

पुणे,
ता. १२ मार्च २०२६

ती. आजोबांस शि. सा. नमस्कार.

दिसलं तेच सांगितलं. बरेच दिवे चुकले. वैमानिक होणार नाही. दोन दिवस फार रडलो, आता लिहिता येतंय. विमानाच्या शाखेतलं दुसरं काय जमेल ते एका सरांना विचारणार आहे. त्यांना आधी डोळ्यांचं सांगेन.

काल आईला सगळं सांगितलं, तुमच्या चिंधीसकट. आई म्हणाली, ती लहान असताना परसातल्या मिरच्या तोडायच्या आधी तुम्ही रोज तिला हाक मारायचात, पिकलेल्या कोणत्या ते दाखव म्हणून. घरात एवढी मोठी माणसं असून बाबा आपल्यालाच विचारतात, याचा तिला केवढा तोरा होता. आईला मी म्हटलं, तो तोरा तसाच राहू दे. आजोबांना खरंच दुसऱ्या कोणाला विचारावंसं वाटलं नसेल.

पूर्वीला सांगा, विमान गेलं की हात हलवत राहा. आणि तुमची माया आहे तेवढी पुरे, वाढवलीत तर गाजरं याल घेऊन.

आपला नातू,
कल्पेश