बकुळीसाठी अबोला

नाशिक, मे १९९८. संध्याकाळ.

अणुचाचणीवरून अमेरिकेने आपल्यावर निर्बंध घातले म्हणे. रेडिओवर ऐकून हे भिंतीला म्हणाले, "घालू देत की! आपण घरी बनवू." भिंतीला, कारण आमचा अबोला चाललाय. बांधावरची बकूळ तोडून ह्यांना तिथे गुलाबाच्या लागवडीसाठी शेड घालायची आहे. मी सांगून टाकलं, तोडणार असाल तर माझ्या हातचा चहा बंद. वाटलं होतं, लगेच नरमतील.

पण हे स्वतःच चहा करू लागले. सुरुवातीला काळाकुट्ट करायचे, निम्मा उतू जायचा. मी मनात हसायचे. आणि आज? आलं ठेचल्याचा आवाज आला, मागोमाग वास. मग भिंतीला निरोप, "कुणाला हवा असेल तर ओट्यावर ठेवलाय."

घेतला. बकुळीखाली बसून प्यायले. ऊन उतरलेलं, फुलं गिरक्या घेत मांडीवर पडत होती. मी इथे आहे की माहेरच्या अंगणात, क्षणभर कळेना. चहा चांगला झाला होता. माझ्यापेक्षा चांगला, खरं लिहायचं तर. आता मी आणखी काय बंद करणार?

मांडीवरची फुलं रिकाम्या कपात भरली आणि आत आले. मोरीपाशी कुऱ्हाड होती, नुकतीच धार लावलेली.