धोंड्याच्या आधीचा महिना

आई, यंदा धोंड्याचा महिना आहे आणि या खेपेला जावई जेवायला माझ्या घरी येणार आहे. तुझी नात मागच्या वर्षी महागावला दिली. तिचा पहिलाच धोंडा, म्हणजे तेहतीस अनारसे, त्यावर दिवा, जावयाला कपडे, पोरीला साडी, सारं आलंच. आणि नेमकी यंदाच यांची नोकरी गेली. बावीस वर्षं घाटंजीत ज्या कापडाच्या दुकानात उभं राहून यांनी गिऱ्हाइकांना तागे उलगडून दाखवले, ते दुकान मालकानं संक्रांतीनंतर बंद केलं. आता घर माझ्या अंगणवाडीच्या मानधनावर चाललं आहे. म्हणून धोंड्याच्या आधीचा हा अख्खा महिना मी हात आखडून काढते आहे, तू काढला होतास तसा. समोर असतीस तर आपल्या बोलीत बोलले असते, पण हातात पेन आला की शाळेतलीच मराठी येते. चालवून घे.

परवा बाजारात तुझी फार आठवण आली. दिग्रसच्या बाजारात तुझ्या दोन फेऱ्या असायच्या. पहिल्या फेरीत पिशवी घडी करून काखेत दाबलेली, ती उघडायची नाही. फक्त भाव विचारायचे, माल हातात घेऊन पाहायचा आणि पुढं चालायचं. मग मारुतीच्या पारावर बसून तू डोळे मिटून काहीतरी जुळवायचीस, आणि ऊन उतरलं की दुसरी फेरी. मला तुझी इतकी लाज वाटायची! एकदा टमाटेवाली वैतागून म्हणाली, "बाई, कितीक डाव इचारता? भाव इचारून पोट भरते काय?" तू हसलीस. "घेतो नं माय. पयले पाहू तं दे. पयसा थोडा हाय तं डोकं जास्त लावा लागते." मी दहा पावलं पुढं जाऊन दुसऱ्याच कुणाची तरी पोरगी असल्यासारखी उभी राहिले होते. परवा मीही पिशवी काखेत दाबून पहिली फेरी मारली. लाज वाटली नाही. उलट मला वाटलं, पाहा, आईची पोरगी शोभते.

खरं तर तुझी अक्कल बाजारापेक्षा घरात जास्त दिसायची. काय आधी कमी करायचं, याचा तुझा ठरलेला क्रम होता. जे चार लोकांना दिसते त्याला हात लावायचा नाही. पाहुण्याच्या ताटातलं तूप, माझ्या शाळेचा गणवेश, दारापुढचा सडा, हे जसंच्या तसं. कमी करायचं ते आतलं. चहातलं दूध, संध्याकाळची भाजी, फोडणीतलं तेल, तुझं लुगडं. "पोटात काय गेलं ते कोन पाह्यते वं?" असं म्हणून तू सकाळच्या भाकरीवर तिखट आणि कच्चं तेल घालून जेवायला बसायचीस आणि वर मलाच सांगायचीस, "मले हेच गोड लागते." मी खरं मानायची. खरं मानणं सोयीचं होतं, दुसरं काय?

माझा पहिला धोंडा आला तेव्हा बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तुझ्या हातात त्यांचं अर्धं पेन्शन, त्यातच सारं. तेव्हा एका भेटीत मी बोलून गेले की माझ्या जावेच्या माहेरून चांदीचा दिवा आला होता, आपला पितळी असला तर बरं दिसणार नाही. अगदी असं म्हटलं मी. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर केली नाहीस. "पाहू नं," म्हणालीस, आणि थोड्या वेळानं, "बाप नाई म्हनून पोरीच्या धोंड्यात कमी पडलं, असं कोनी म्हनू नये." मला वाटलं, चला, काम झालं. मी त्या दिवशी खुशीत घरी गेले, हे लिहायला मला अजूनही जड जाते.

त्यानंतर मी दिग्रसला न सांगता आले. मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं, एसटी लवकर पोचली, म्हटलं आधी घरी जाऊ. दार नुसतं लोटलेलं होतं. तू पाण्याला गेलेली. चूल थंड, गॅसच्या शेगडीवर ताट पालथं घातलेलं, म्हणजे वापरायचीच नाही. फळीवरचे डबे मी सवयीनं उघडले. एकात मूठभर ज्वारीचं पीठ, दुसऱ्यात तूरडाळीचा चुरा. पण एका डब्यात अनारशांसाठी आणलेला चांगला तांदूळ गळ्यापर्यंत भरलेला. मीठ घ्यायला म्हणून बरणी सरकवली तर मागं तुझ्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी, आणि शेजारी पेपरच्या तुकड्यात बांधलेली पुडी. पुडीत अर्ध्या गोळ्या. सुरीनं कापलेल्या, नीट, सारख्या. सरकारी दवाखान्यातल्या गोळीनं तुझे पाय सुजायचे म्हणून ही मेडिकलातून विकत घ्यावी लागायची. डॉक्टरनं रोज एक सांगितली होती. पट्टीवर मेडिकलवाल्यानं मागच्या महिन्याची तारीख टाकलेली, आणि गोळ्या अजून उरलेल्या. मला हिशेब करायला वेळ लागला नाही, आई. मला सगळं समजलं.

मी पुडी बांधली, जागेवर ठेवली, बरणी पुढं सरकवली. वळले तर तू दारात उभी, कडेवर पाण्यानं भरलेला गुंड. "तू आली व्हय? सांगतलं काहून नाई?" मी म्हटलं, "चहा ठेवू का?" तू म्हणालीस, "ठेव. पन दूध नाई बरं, काळा घेशीन काय?" उंबऱ्यावर पाणी सांडलं होतं, चांगलं थारोळं झालं होतं. ते मी फडक्यानं पुसलं आणि वर तुलाच रागावले, "कसं वं तू, घसरून पडशील नं एखाद्या दिवशी." मग आपण काळा चहा प्यालो. तू मैत्रिणीची चौकशी केलीस. मी डोहाळजेवणाला गेले आणि तिथं पोटभर जेवले.

एकच प्रश्न विचारायचा होता. गोळी काहून मोडतेस? एवढाच. पण तो विचारला असता तर दिवा गेला असता, हे मला तिथं बरणीपाशीच कळलं होतं. चांदी आणि गोळ्यांचे पैसे, यांची काही बरोबरी आहे का? आता मला कळते. एकदा महिना आखडता धरला की मन सगळीकडं हात घालत सुटते. जिथून काहीच सुटणार नाही, तिथूनही ओरबाडते. आणि जे कुणाला दिसत नाही ते तर आधीच.

धोंड्याला तू सुरेख केलंस सगळं. अनारशांना अशी जाळी पडली होती की माझी सासू एक एक उचलून उजेडात धरून पाहत होती. दिवा चांदीचा. जावयाच्या पायावर पाणी घालून उठताना तू भिंतीला हात लावलास, ते मी पाहिलं. तेही पाहिलं. तुझा चेहरा तर फुलून गेला होता. आठव्या दिवशी तुझ्या शेजारच्या काकूंचा निरोप आला. यवतमाळच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा तुझी उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, बोलणं बंद. डॉक्टरनं विचारलं, "गोळ्या रोज घेत होत्या ना?" हे उभे होते. सासूबाई उभ्या होत्या. मी म्हटलं, "हो, रोज." त्यांनी लिहून घेतलं. तुला ऐकू येत होतं. तू माझ्याकडं पाहिलंस आणि डोळे मिटलेस. नवव्या दिवशी गेलीस. पंचवीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले, रोज घेत होती, तरी झालं, नशीब. आणि नोकरी पाहा माझी! गावातल्या गरोदर पोरींना मी दम देते, गोळी चुकवाल तर याद राखा म्हणून.

आता तुला हे पत्र काहून लिहायला घेतलं, ते सांगते. मलाही दोन वर्षांपासून बीपीची गोळी आहे, आणि सरकारी गोळीनं पाय माझेही सुजतात. या महिन्यात मी दूध कमी केलं, गॅस एक वेळ केला, पेपर बंद केला. आणि एका सकाळी पाहते तर मी पोळपाटावर गोळी ठेवून सुरी हातात घेतलेली. कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप गेला. पुडी पट्टीसकट मसाल्याच्या डब्यामागं ठेवली. वाटलं, महिन्याभराचाच तर प्रश्न आहे.

काल सकाळी पोरगी महागावहून आली, अशीच, न सांगता. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. कपडे घेऊन खाली आले तर ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी. हातात माझी पुडी, उघडलेली. मी दारातच थांबले. तिला माहीत नव्हतं मी आले ते. तिनं एक अर्धी गोळी बोटावर घेतली, पट्टी उलटून पाहिली. मी वाट पाहत होते, आई. खरंच सांगते, माझे कान तिच्याकडं लागले होते. आता वळेल, आता ओरडेल, आई हे काय चालवलं आहेस! तिनं पुडी नीट बांधली, डब्यामागं ठेवली. वळली, मला पाहिलं, दचकली. आणि म्हणाली, "आई, चहा ठेवू का?"

माझ्या हातातले कपडे तसेच राहिले. मला तुझ्या उंबऱ्यावरचं पाणी आठवलं. आत्ता दारात आलेल्या माणसाच्या पायाशी एवढं पाणी नसते. गुंड हिंदकळत, हात भरून येईपर्यंत तू तिथं उभी होतीस. तू मला पुडी बांधताना पाहिलं होतंस. मी पाहिलं हे तुला माहीत होतं, आणि तरी तू विचारलंस, काळा घेशीन काय. त्या क्षणी मला माझ्या पोटच्या पोरीचा असा संताप आला की तिच्या थोबाडीत द्यावी वाटली. तुले आलता का वं राग? मग दाखवला काहून नाई? एक शिवी तरी द्यायची होती मले.

मी म्हटलं, "ठेव." आम्ही चहा घेतला. जाताना बसस्टँडवर तिनं हळूच विचारलं, "दिवा चांदीचाच ना? सासूबाई विचारत होत्या." मी म्हटलं, "हो माय." तुझा दिवा घरात आहे. धोंड्याच्या त्या एका दिवसानंतर मी तो लावलेला नाही, कापडात गुंडाळून पेटीत ठेवला होता. आज काढला, राखुंडीनं घासला. तोच तिला देणार आहे. कुठून आला ते सांगेन. कशाच्या बदल्यात आला, ते सांगायचं धाडस होईल असं वाटत नाही.

आज सकाळी मी अख्खी गोळी घेतली. मोडलेल्या पाच अर्ध्या उरल्या होत्या. त्या फेकायला म्हणून मोरीपर्यंत गेले आणि परत आले. पुडी बांधून पुन्हा डब्यामागं ठेवली आहे, लागतील म्हणून.