उलटी फेरी

ता. ३ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
आजीचे अ. आ.

तुझं चार पानी पत्र पोचलं. पावणेचार पानं रडगाणं, उरलेल्यात खुशाली. तुझ्या बापाला वाचून दाखवलं नाही. तो लगेच पिशवी भरून तुला आणायला निघाला असता. फोनवर बोलू नकोस म्हणालीस ते बरं केलंस. तुझ्या खोलीत राहणाऱ्या दोघी कान लावून बसलेल्या आणि मला एका कानानं काही ऐकू येत नाही, म्हणजे तुझी गोष्ट त्या दोघींनाच कळली असती.

मी दुसरी अर्ध्यावर सोडलेली बाई. म्हणून मला जे समजलं ते लिहिते, चुकलं तर सांग. राज्याची निवडणूक तोंडावर आली आहे. आपल्या पक्षाच्या शाखेच्या समितीला दोघांतून एक उमेदवार ठरवायचा आहे. एक टेलरमास्तर, एक कंडक्टरबाई. समितीतले चौघं मास्तरांकडे, चौघं बाईकडे, आणि उरलेली तू. त्यात मास्तरांच्याच मुलाशी तुझं डिसेंबरात लग्न. बाईकडे गेलीस तर सासऱ्याला पाडलंस, मास्तरांकडे गेलीस तर तिकीट घरातल्या घरात वाटलंस. एवढंच ना? याला चार पानं कशाला लागली?

दवाखान्यात दिवसभर लोकांचे एक्स-रे काढतेस, कोणाचं कोणतं हाड मोडलंय ते डोळे झाकून सांगतेस, आणि दोन धडधाकट माणसं समोर उभी केली तर तुला घाम फुटतो.

आता ऐक. मी शाखेत होते तेव्हा आमच्यात उलटी फेरी असायची. ज्याला तिकीट हवं त्यानं एक संध्याकाळ दुसऱ्यासाठी दारोदार मतं मागायची. समितीनं मागून चालायचं, तोंड बंद ठेवून. स्वतःबद्दल गोड कोणीही बोलतो. दुसऱ्याबद्दल बोलायची वेळ आली की माणसाची दातखीळ बसते का जीभ सुटते, ते बघायचं. एकदा एका वकिलाच्या तिसऱ्या दाराशीच पोटात कळा आल्या आणि तो रिक्षात बसून घरी गेला. तिकीट मिळालं नाही. कळाही त्याच संध्याकाळी थांबल्या. पुढं कोणीतरी हा सगळा पोरखेळ आहे असं ठरवलं आणि फेरी बंद पडली. तू ती पुन्हा काढायला सांग. माझं नाव सांगितलंस तरी चालेल, घाबरणारे अजून दोघंतिघं जिवंत असतील.

तुझा तो पाणकोंबडा काय म्हणतो? तलावावर पोहायला शिकवणाऱ्याला मी दुसरं काय म्हणू? बापाची बाजू घेतो की तुझी, की मधोमध तरंगतो?

गुडघे आहेत तिथंच आहेत. माझा लोभ तुला मागावा लागत नाही, तो घरीच पडून असतो.

तुझी आजी

—

ता. ११ सप्टेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं नाव घेतल्याबरोबर चिटणीस काका खुर्चीत ताठ झाले. तू त्यांना एकदा भर सभेत खाली बसवलं होतंस म्हणे. फेरी मंजूर! मास्तरांना हसू आलं, कंडक्टरबाई मात्र लगेच तारीख विचारू लागल्या.

पहिली पाळी बाईंची होती, काल झाली. आजी, तू हवी होतीस! त्या जिने चढतच नाहीत. खालूनच अशी हाक मारतात की तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या सगळ्या खिडक्या उघडतात. वीस वर्षं बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलाय, त्यांना माइक कशाला लागतोय. मास्तरांसाठी मत मागायला आलेय, म्हणाल्या. हा माणूस गुरुवार सांगतो आणि रविवारी देतो, ते मी लपवत नाही. पण दिलेलं उसवत नाही. आणि विरलेली कॉलर उलटवून अशी बसवतो की घालणाऱ्याला आपली ओढाताण आहे हे चारचौघांत आठवत नाही. असा माणूस वर पाठवायला हवा, म्हणाल्या. खिडक्यांतून माना डोलत होत्या.

मग एका म्हाताऱ्यांनी विचारलं, तिथं सभागृहात दांडग्या लोकांसमोर मास्तर उभे राहतील का? त्यावर बाई पहिल्यांदाच थांबल्या. डोकं खाजवलं. म्हणाल्या, खोटं नाही बोलणार, ते मला माहीत नाही. पण मी मागून ढकलीन.

सगळे हसले. मला मात्र तेवढ्यात माझं मत कळलं. मास्तर कोणालाच नाही म्हणत नाहीत गं. दुकानात कपडे घेऊन आलेल्या माणसाला ठीक आहे ते. तिथं वर बसून नाही म्हणता यायला हवं.

तुझा पाणकोंबडा म्हणतो की हे तू आणि बाबा बघून घ्या, मी फक्त काठावर उभा राहतो, कोणी बुडालं तर उडी मारीन. शहाणाच आहे. पण मास्तर मला रोज दुकानावरून जाताना थांबवून चहा पाजतात, फेरीबद्दल अक्षर काढत नाहीत, आणि तो चहा घशाखाली उतरत नाही. परवा फलक चिकटवताना माझा निळा सदरा काखेत टरकला, तर तो लपवायला मी हात अंगाशी धरूनच चहा प्यायले. दोन टाके मारलेत.

तुझ्या गुडघ्यांना नमस्कार. तुझी माया अशीच टोचत राहो.

तुझी,
भिंगरी

—

ता. १५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझे टाके मला माहीत आहेत. ते सदऱ्याला धरून नसतात, सदराच त्यांना धरून असतो.

कंडक्टरबाई मला आवडली. माहीत नाही असं भर रस्त्यात म्हणणारा माणूस निवडणुकीच्या दिवसांत दिसत नाही. पण मास्तरांची पाळी होईपर्यंत निकाल लावू नकोस. एकाचंच ऐकून निवाडा करायला तू काय तुझी आत्या आहेस?

चहा पीत जा. तो घशाखाली उतरत नाही म्हणून त्यांनी साखर वाढवली तर तुलाच वजन काट्यावर दिसेल.

लोभ मागच्या पत्राएवढाच.

आजी

—

ता. २० सप्टेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

झाली मास्तरांची फेरी. आता मला काही सुचत नाही, म्हणून हातपाय न धुताच लिहायला बसले आहे.

मास्तर टेप गळ्यात तशीच ठेवून निघाले. पहिल्या दोन दारांत औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं बोलले. कंडक्टरबाई उभ्या आहेत, कष्टाळू आहेत, विचार करावा. समितीतले बाईंच्या बाजूचे चौघं एकमेकांकडे बघायला लागले. तिसऱ्या दाराशी कुबडीवाले गृहस्थ भेटले. ते म्हणाले की ही बाई मी दिसलो की बस थांबवून ठेवायची, आणि आतून कोणी कुरकुरलं तर त्याला विचारायची की तुझे पाय दोन दिवस याला देतोस का. मास्तर ऐकत राहिले. पुढच्या दारात त्यांनी स्वतःच ते सांगितलं, वर थोडी भर घालून. त्याच्या पुढच्या दारात आणखी थोडी. गल्लीच्या मध्यावर येईतो त्यांचा आवाज चढला, हात हवेत फिरायला लागले. रात्रीची दवाखान्याची बस बंद केली होती तेव्हा बाई डेपोच्या साहेबाच्या टेबलासमोर कशा उभ्या राहिल्या, बस पुन्हा सुरू होईपर्यंत कशा हलल्या नाहीत, हे त्यांनी असं रंगवलं की मी तेव्हा डेपोत तिथंच होते तरी मला नवीन वाटलं. स्वतःसाठी बोलताना हा माणूस असा कधी बोललेला नाही गं. स्वतःसाठी बोलताना जमिनीकडे बघतात.

शेवटचं दुकान कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं. तो म्हणाला, मास्तर, ते सगळं खरं, पण मी मत तुम्हालाच देणार. तर मास्तर त्याच्यावर असे उखडले! एवढी खंबीर बाई समोर असताना मला? डोक्याला कुलूप घातलंस का, म्हणाले. आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी गळ्यातली टेप काढली, हळूहळू गुंडाळली, खिशात घातली आणि घरच्या रस्त्याला लागले.

सगळ्यांना वाटलं की ते आता नाव मागं घेतील. नाही घेतलं. चिटणीस काकांना निरोप पाठवला, की ठरवायचं काम समितीचं आहे, ते मी करून देणार नाही.

रविवारी बैठक. मतं हात वर करून, सगळ्यांसमोर, मास्तर समोरच बसलेले. चौघं चौघं अजून तिथंच आहेत, मास्तरांचे चौघं म्हणतात की एवढं मोठं मन दाखवलं म्हणून तर तेच हवेत. आजी, मला रविवारी ताप येईल असं वाटतंय.

तुझी माया असू दे, या वेळी जरा जास्त.

भिंगरी

—

ता. २३ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

ताप आणायचा तर खरा आण. खोटा आणलास तर तो जन्मभर उतरणार नाही.

नाव मागं घेऊन मास्तरांनी तुला सोडवलं असतं. नाही सोडवलं. तू अजून त्यांच्या घरात पाऊल टाकलेलं नाहीस आणि त्या माणसानं तुला कामाची माणूस धरलं आहे. माझ्या सासऱ्यानं मला पाणी कुठं ठेवायचं एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. तुला हा मान मिळतोय आणि तू पांघरूण शोधतेस!

तुझं मत तुला कधीच कळलं आहे, तू स्वतः लिहिलंयस. आता फक्त खांद्यापासूनचं काम उरलं. हात वर करशील तो पुरता कर. कोपरापासून उचललेला हात मोजणाऱ्याला दिसत नाही आणि मनालाही फसवतो. आधी जाऊन मास्तरांची माफी मागू नकोस, नंतर तर मुळीच नाही.

ते रागावले तर मी आहे. मी रागावलेली माणसं पुष्कळ बघितली आहेत, बहुतेक माझ्यावरच.

आजी

—

ता. १ ऑक्टोबर

आदरणीय आजीबाईंस,
टेलरमास्तरचा स. न. वि. वि.

पत्रास कारण की, रविवारच्या बैठकीत आपल्या नातीनं सर्वांसमक्ष माझ्याविरुद्ध हात वर केला. कंडक्टरबाई एका मतानं उमेदवार झाल्या. हे आपणांस कळलं असेलच. मी बैठक संपताच कोणाशी न बोलता उठून आलो, आणि तेव्हापासून तिच्याशी बोललेलो नाही, हेही कळलं असेल.

दुखलं नाही असं लिहिणार नाही. तीस वर्षं शाखेच्या खुर्च्या मांडल्या, एकदा त्यातल्या एकीवर बसावंसं वाटलं. पण कुलपाच्या दुकानासमोर माझ्या तोंडून जे निघालं ते परत गिळता येत नव्हतं. मुलीनं मत बरोबर दिलं. चिटणिसांनी प्रचार सांभाळाल का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. आता आपण म्हणाल की हा कोणालाच नाही म्हणत नाही. या वेळी मनापासून म्हटलं.

पण आजीबाई, माझी अडचण वेगळीच आहे आणि ती आपल्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. मुलीनं हात अगदी पुरता वर केला, आणि निळ्या सदऱ्याची काख बोटभर उसवलेली सगळ्या समितीला दिसली. आत पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके लोंबत होते. निळ्या कापडाला पांढरा दोरा! टेलरच्या घरात येणारी मुलगी! मला तिथं बसवेना, म्हणून उठलो. थेट दुकानात गेलो आणि नवं निळं कापड बेतायला घेतलं. काखेत चौकोनी तुकडा जोडणार आहे, म्हणजे हात डोक्यावर सरळ गेला तरी शिवण ताणणार नाही. तिला हे पुढंही लागणार असं दिसतंय.

पण बाहीचं माप नाही. होणाऱ्या सासऱ्यानं मुलीला काखेविषयी काय आणि कसं विचारावं? बोलायला तोंड उघडलं की तेच बाहेर येईल या भीतीनं चार दिवस ती समोरून गेली तर मान खाली घालून मशीन चालवतो. ती समजते मी रागावलो. मुलगा घरात येरझाऱ्या घालतोय. कंडक्टरबाई येऊन मला दोन शब्द सुनावून गेल्या, त्यांना तरी काय सांगू?

आपण माप कळवावं. आपली ममता या घराकडेही वळावी, ही विनंती.

आपला,
टेलरमास्तर

—

ता. ५ ऑक्टोबर

श्री. टेलरमास्तर यांस,
वयानं आशीर्वाद, व्याही म्हणून नमस्कार. दोन्ही घ्या, शिल्लक ठेवू नका.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की पोरगा धावत आला, त्याला वाटलं मला काही झालं. भिंगरीला त्याच्याकडून फोन लावून घेतला आणि तुमचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. काखेपर्यंत आले तेव्हा पलीकडून आधी रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा, मग आणखी दोघींच्या हसण्याचा. म्हणजे तुमची अडचण आता अख्ख्या गावाला माहीत आहे. आता मान वर करून मशीन चालवा.

माप मी सांगत नाही. तिलाच दुकानात पाठवते आहे, टेप तिच्या हातात द्या आणि तोंड भिंतीकडे करा. आणि तो चहा पुन्हा सुरू करा, इकडं तिच्या चार पानांच्या पत्रांनी माझे डोळे गेले.

कंडक्टरबाईंना सांगा, प्रचाराला मी येते आहे. जिने मी चढणार नाही. त्या खालून ओरडतील, तुम्ही त्यांच्याबद्दल भर घालून सांगा, आणि जो मत देणार नाही म्हणेल त्याच्या दाराशी मला खुर्ची टाकून द्या. खुर्च्या मांडायचा सराव तुम्हाला आहेच.

खुर्चीचं दुखलं ते दुखू द्या, लपवू नका. पण बाही चांगली सैल ठेवा. पोरगी तुमच्याच घरात राहायला येणार आहे, हात वर होतच राहील.

लोभ असावा. सदरा मात्र गुरुवार म्हणाल तर गुरुवारीच मिळावा.

भिंगरीची आजी