पंपाची खोली

१४ मार्च, रविवार सकाळ

चि. बारक्या यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात, पण त्यांना कोण विचारतो! फोनवर आपलं बोलणं 'जेवलात का' आणि 'सांभाळून राहा' यापुढे सरकत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

काल बागेचा वाढदिवस झाला. नेहमीसारखी आतषबाजी. दुपारपासूनच लोक हिरवळीवर चादरी अंथरून जागा धरून बसले होते. या महिनाअखेरीस मी निवृत्त होतोय, म्हणून मंडळाच्या सेक्रेटरींनी मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. "माळीकाका, एकतीस वर्षं इथे काढलीत आणि आतषबाजी एकदाही बघितली नाहीत म्हणे! आज जागचं हलायचं नाही." एकदा बघितली होती, पण ते मी बोललो नाही.

पहिला बार उडाला आणि माझे पाय आपोआप पंपाच्या खोलीकडे वळले. दार लावलं, पंप सुरू केला. तो घरघरायला लागला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. एका पालथ्या बादलीवर मी बसलो. समोर तुझी बादली होती, लहानपणी आतषबाजीच्या वेळी माझ्यासोबत लपून तू जिच्यावर बसायचास ती.

दरवर्षी मी आधीच पंपाची, हिरवळीवरच्या फवाऱ्यांना जाणारी नळी काढून ठेवतो. काल इस्त्रीचा सदरा घालून मिरवायचं होतं ना, राहून गेलं. पाच मिनिटांत दारावर धडाधड थापा. सेक्रेटरी ओलेचिंब, मागे निम्मी वस्ती चादरी पिळत उभी.

"अहो, पाणी कशाला सोडलंत?"

"सवय हो," म्हटलं.

सगळे खो खो हसले. मला काही हसू आलं नाही.

बारक्या, तू नऊ वर्षांचा होतास. माळ्याचं पोर भित्रं आहे, असं चार लोक बोलले आणि माझं डोकं फिरलं. दंडाला धरून तुला त्या खोलीतून ओढत आणलं आणि हिरवळीच्या मधोमध उभं केलं. पहिल्याच बाराला तुझी चड्डी ओली झाली. लोक हसले. मीही हसलो.

त्यानंतर तू त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस, आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळही आला नाहीस. मी मात्र दरवर्षी पंप लावून तिथे बसतो. बाहेर बसायला मला तोंड नव्हतं. तुझी आई असेपर्यंत घरी गेल्यावर कुणीतरी विचारायचं तरी, कुठे होतात म्हणून. चुकलं माझं. फार चुकलं.

तुझी ताई सांगत होती, तुझी चिमणी लेक आवाजाला घाबरून कपाटात जाऊन बसते आणि तू तिच्यावर ओरडतोस. ओरडू नकोस रे. बापाचं बाकी काही ऐकू नकोस, पण एवढं ऐक.

खोलीची किल्ली परत द्यायची होती. पुढच्या वाढदिवसापर्यंत राहू दे म्हटलं, तर सेक्रेटरी हो म्हणाले. "तेवढी नळी काढा," एवढीच अट घातली. तेव्हा चिमणीला घेऊन ये. तिसरी बादली मी आजच नेऊन ठेवली आहे.

सूनबाईंना आशीर्वाद सांग.

तुझ्यावर हसलेला,
तुझा बाबा