शेजारी बांधलेली कुत्री

प्रिय बोनारियाताई,

त्या सकाळी मेंढ्यांचं दूध काढायला बसलो आणि उठताच येईना. तुला कळवलं, पाय मुरगळलाय. खरं तर मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, आपल्या सार्डिनियात गावोगावी ऐकू येतं तेच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीरात सायटोकाइन नावाचे निरोपे असतात. शत्रू नसतानाही ते 'धावा, धावा' ओरडतात आणि शरीर आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतं."

"म्हणजे कोल्हा नसताना कुत्रा आपलीच कोकरं फाडतो?"

"अगदी! म्हणून इंटरफेरॉन टोचायचं. तेही सायटोकाइनच."

"अहो बाई, कुत्र्यावर आणखी कुत्रा?"

"हा शांत करणारा, बाकिझियो."

माझा गोंधळ वाढलाच. देवमातेला नवस बोललोय, मग सुई घेणं म्हणजे अविश्वास का? तुझी भावजय वैतागली, "नवस फेडायला अनवाणी चालायचंय ना? मग पाय नकोत?"

तेव्हा बाबांचा कुत्रा मोरो आठवला. त्यानं कोकरू फाडलं, तरी बाबांनी त्याला गोळी घातली नाही. शेजारी एक शांत म्हातारी कुत्री बांधली, आणि तो निवळला.

हे पत्र टाकणार नाही, तू धावत येशील. मला अजून सगळं कळलेलं नाही. तरी आज क्रूसाची खूण केली आणि मांडीत सुई टोचून घेतली.

तुझाच,
बाकिझियो