फरच्या कोटांची निरवानिरव

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एक्क्याऐंशी, धर्माने ज्यू, अविवाहित, धंदा फरचे कोट शिवणे (सध्या बंद), माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी लावावी ते पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कोणाच्या दडपणाखाली करत नाही; माझ्यावर दडपण आणू शकेल असा माणूस माझ्या पाहण्यात नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. दुकान आणि वरच्या दोन खोल्या. दुकान वडिलांनी उभे केले. त्यांच्यामागे मी आणि माझ्या धाकट्या भावाने ते चालवले. मी कापायची, तो शिवायचा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. सात वर्षांपूर्वी त्याने आपला अर्धा हिस्सा मला विकला आणि त्यानंतर पायरी चढला नाही. सबब ही वास्तू आता माझ्या एकटीच्या मालकीची आहे. ती विकावी, आणि आलेल्या रकमेतून रानप्राण्यांच्या शुश्रूषा केंद्राने जुन्या वीटभट्टीमागचे माळरान विकत घ्यावे. बरे झालेले कोल्हे तिथेच सोडतात. त्या जमिनीवर बांधकाम करू नये, झुडपे तोडू नयेत, बाक ठेवू नयेत, आणि माझ्या नावाची पाटी तर मुळीच लावू नये. दुकान कोपऱ्यावरच्या चपलावाल्याला विकू नये, मग तो कितीही देवो. त्याने माझ्या दारात रिकामी खोकी रचणे आजतागायत थांबवलेले नाही.

कलम २. हत्यारे. शिवणयंत्र शेजारच्या शिंप्याला द्यावे. त्याचा त्यावर केव्हापासून डोळा आहे. माझ्या सुऱ्या आणि कातडे ताणायचा पाट भाचीच्या मुलीला, म्हणजे भावाच्या नातीला द्यावा. घरात तिला सगळे ठेंगी म्हणतात. आता ती माझ्यापेक्षा हातभर उंच आहे आणि त्याच केंद्रात काम करते. फरचा धंदा ती करणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. मग तिला सुऱ्या कशाला, असे कोणी विचारील, म्हणून लिहून ठेवते.

आमच्यात मुलगी बारा वर्षांची झाली की तिची बात मित्झ्वा होते, म्हणजे धर्माच्या दृष्टीने ती मोठी होते आणि आपल्या वागण्याचा जाब आपणच देऊ लागते. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, ती सगळ्यांसमोर तोरा हा आमचा धर्मग्रंथ वाचते, चार शब्द बोलते, आणि त्या वर्षी दुसऱ्याच्या उपयोगाचे एखादे काम अंगावर घेते. बहुतेक मुले जुनी पुस्तके गोळा करतात. ठेंगीने शुश्रूषा केंद्र निवडले. तिथे आई मेलेली रानातली पिल्ले येतात आणि गारठून किंवा भेदरून दगावतात. खऱ्या फरमध्ये ठेवली तर टिकतात, असे तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला सांगितले. मग ही पोरगी दारोदार जुने फरचे कोट मागत सुटली, आणि शेवटी आमच्याच दुकानात आली.

"आजोबा, लोकांनी परत न नेलेले कोट असतील ना आपल्याकडे?"

भावाने हसत हसत ओंजळभर धूळ झटकून काही कोट काढून दिले. तोवर नातीचे त्याला कौतुकच होते. मग तिने काचेच्या कपाटाकडे बोट दाखवले.

"आणि तो?"

तो आमच्या आईचा कोट. कोल्ह्याच्या कातड्यांचा, वडिलांनी तिच्यासाठी शिवलेला. ती गेल्यावर नमुना म्हणून दुकानात टांगला होता.

"तो नाही," भाऊ म्हणाला.

"पण सध्या तिथे कोल्ह्याचीच पिल्लं आहेत, आजोबा. आणि तो कोणी घालतसुद्धा नाही."

"बाबांच्या हातचा आहे तो. त्याला हात लावायचा नाही. कळलं?"

मुलगी रडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची.

पुढच्या आठवड्यात मी केंद्र बघायला गेले. प्राण्यांचा पुळका आला होता अशातला भाग नाही. आपला माल कुठे जातो ते पाहायचे होते. पाहते तर दिलेले कोट ठेंगीने चक्क कात्रीने कापलेले.

"कात्रीनं केस तुटतात," मी म्हटले. "ते पिल्लांच्या नाकातोंडात जातील. आणि हे हूक, ही बटणं?"

"मला कुठे येतं, आत्याआजी? तू शिकव ना."

फर उलटे धरून नुसते कातडे सुरीने चिरायचे असते. मी शिकवले. तिचा हात हलका आहे. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी एक पिल्लू आणले, डोळेही न उघडलेले, सारखे केकाटणारे. मी नुकतीच उसवलेली बाही त्यांनी खोक्यात अंथरली. पिल्लू आत शिरले, नाक खुपसले आणि गप्प झाले. इतक्या लवकर समाधान पावलेले गिऱ्हाईक मी आमच्या धंद्यात पाहिले नव्हते.

परत आल्यावर मी कपाट उघडले. आईचा कोट माझ्या हातांनी कापला. ठेंगीला सुरी लावू दिली नाही, कारण पुढे त्याचा बोल तिला लागू नये. भाऊ आला तेव्हा पाटावर फक्त पाठीचा भाग उरला होता.

"ताई, हे काय केलंस?"

"पोरीला हवा होता."

"मला विचारायचंस तरी."

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणूनच विचारायचं असतं," तो म्हणाला.

मी उरलेली पाठही चिरून टाकली.

समारंभाला तो आला. ठेंगी उभी राहून म्हणाली, "माझ्या पणजोबांनी आणि आजोबांनी कातड्यांवर घर चालवलं. त्याच घरात मी वाढले. त्यातलं थोडं मी परत नेऊन देते आहे." बोलणे संपण्याआधी भाऊ उठून बाहेर गेला. दुकानातला हिस्सा त्याने त्यानंतरच विकला. नातीशी तो बोलतो. माझ्याशी नाही.

कलम ३. उरलेले कोट केंद्राला द्यावेत. ठेंगीने आधी अस्तर, हूक आणि बटणे काढावीत, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास जाईपर्यंत कोट वाऱ्यावर टांगावेत.

कलम ४. बँकेतली शिल्लक भाचीला द्यावी. बापाचे निरोप आत्याला आणि आत्याचे बापाला पोचवण्यात तिचे पाय दुखले आणि बोलणी तिने दोन्हीकडची खाल्ली. त्यातून तिने कुठेतरी लांब फिरायला जावे आणि कोणालाही निरोप देऊ नये.

कलम ५. धाकटा भाऊ. त्याला मी काहीही ठेवलेले नाही. हे वाक्य मवाळ करा, असे वकील म्हणाले. मी ते तसेच ठेवले आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष त्यावर घेता येत नाही, हे त्यांनीच मला समजावले होते. ते समजल्यावर मी भावाला फोन लावला.

"मृत्युपत्र करते आहे," मी म्हटले.

"बरं."

"तुला त्यात काही नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

"काही मिळणाऱ्याची साक्ष चालत नाही. मला तुझी साक्ष हवी आहे."

त्याच्याकडे कुठेतरी भांड्यात पाणी पडत होते. ते बंद झाले.

"कुठे यायचं?"

"वरच्या खोलीत. जिना चढवेल ना?"

"तू रोज चढतेस, मग मला काय झालंय?"

येणेप्रमाणे या मृत्युपत्रावर मी ते वाचून, समजून, स्वखुशीने सही केली आहे.

स्थळ: दुकानावरची पुढची खोली.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो.
मृत्युपत्र करणारी: (सही)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली.

साक्षीदार पहिले: दातांचे डॉक्टर, समोरच्या इमारतीत दवाखाना. नाते: शेजारी. (सही)

साक्षीदार दुसरे: फरचे कोट शिवणारे, निवृत्त. नाते: सख्खा भाऊ. (सही)

वकिलांची नोंद: दुसऱ्या साक्षीदारांच्या नात्यापुढे टंकलिखित मजकुरात फक्त "भाऊ" असे होते. "सख्खा" हा शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने घातला असून त्यावर वेगळी सही केली आहे.